पगडी, टाच आणि लाकडी पेटी : पुरुषाच्या वाढीव उंचीचा इतिहास

‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ ही म्हण आपण कौतुक म्हणून वापरतो. त्यातला ‘पण’ मात्र कौतुकाचा नाही. कीर्ती मोठी असेल तर मूर्तीही मोठी असायला हवी होती, असा एक न लिहिलेला नियम त्या दोन अक्षरांत दडलेला आहे. मराठीत उंच पुरुषासाठी ‘उंचापुरा’ हा शब्द आहे, म्हणजे जो उंच तोच पुरा. ठेंगण्यासाठी ठेंगू, बुटका, गिड्डा, खुजा, टिंगू अशी रांगच आहे आणि त्यातला एकही शब्द तोंडावर म्हणण्यासारखा नाही.

हा नियम जुना आहे आणि त्याला वळसा घालण्याच्या युक्त्याही जुन्याच आहेत. आजचा धागा या युक्त्यांचा. माझे म्हणणे थोडक्यात असे : आपल्या प्रदेशात पुरुषाची वाढीव उंची कित्येक शतके डोक्यावर वाहिली जात होती. गेल्या दीडशे वर्षांत ती डोक्यावरून उतरून पायांखाली गेली. हे स्थलांतर फॅशनपुरते नव्हते. मधल्या काळात उंची ही दाखवण्याची गोष्ट राहिली नाही, ती मोजण्याची गोष्ट झाली. आणि तिथून पुढे ठेंगण्या पुरुषाची अडचण खरी सुरू झाली.

सुरुवात पायांपासून करू. पुरुषांची उंच टाच मूळची इराणी घोडेस्वारांची. रिकिबीत पाय घट्ट रुतावा म्हणून ती होती. सतराव्या शतकाच्या आरंभी इराणचा शाह अब्बास आणि युरोपातील दरबार यांच्यात वकिलांची ये-जा वाढली, तशी ही टाच युरोपात पोहोचली आणि घोड्यावरून उतरून दरबारात चालू लागली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या लाल टाचा तर चित्रांतून आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. मग प्रश्न पडतो की मराठेही घोडेस्वारच होते, इराणी चालीरीतींचा प्रभाव दख्खनच्या दरबारांवर युरोपपेक्षा कितीतरी अधिक होता, तरी आपल्याकडे उंच टाचेचा जोडा मानाचा का झाला नाही?

उत्तर उंबरठ्यावर आहे. आपल्याकडे घरात, देवळात, दरबारात शिरताना जोडे बाहेर राहतात. ज्या ठिकाणी उंच दिसण्याची गरज, त्याच ठिकाणी पाय अनवाणी. शिवाय बैठक जमिनीवरची. गादीवर मांडी घालून बसले की पायांची लांबी नाहीशी होते. उरते ती धड, मान आणि डोक्यावर जे असेल ते. युरोपात याच्या नेमके उलट. तिथे आदर दाखवायचा तर टोपी काढतात आणि बूट पायातच राहतात. आपण आदर दाखवताना जोडे काढतो आणि डोके कधीही उघडे टाकत नाही. उघडे डोके हे सुतकाचे लक्षण. अशा दोन जगांत उंची वाढवायची तर एकाने टाच वाढवावी आणि दुसऱ्याने पगडी, हे ओघानेच आले.

आता शिवकालाकडे. शिवाजी महाराजांच्या देहयष्टीविषयी समकालीन युरोपीय नोंदी मोजक्याच आहेत आणि त्यातल्या दोन आपल्या विषयाच्या आहेत. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीनंतर तिथल्या इंग्रज वखारीचा धर्मोपदेशक एस्कॅलियट याने एक पत्र लिहिले. ज्यांनी महाराजांना पाहिले होते त्यांच्या सांगण्यावरून तो लिहितो की त्यांची उंची बेताची आहे, त्याच्या स्वतःपेक्षा थोडी कमी. पण शरीर ताठ आणि अतिशय प्रमाणबद्ध आहे, नजर तीक्ष्ण आहे, बोलताना ते हसल्यासारखे वाटतात. १६६६ मध्ये सुरतेला आलेला फ्रेंच प्रवासी तेव्हनो हाही त्यांना लहान चणीचे म्हणतो आणि लगेच डोळ्यांतल्या चपळ बुद्धीकडे वळतो. गंमत अशी की एक जण वर्ण गोरा सांगतो, दुसरा सावळा. म्हणजे दोघांच्या माहितीचे झरे वेगळे असणार. उंचीवर मात्र दोघांचे एकमत. साधने वाचताना अशी जागा महत्त्वाची असते.

काहींना हे वाचून उगाच वाईट वाटते. वाटू नये. या दोन्ही परक्यांनी उंचीचे एक वाक्य लिहून पुढची वाक्ये नजरेवर खर्च केली आहेत, यातच बरेच काही आले. अफझलखान हा धिप्पाड होता आणि भेटीत त्याने महाराजांची मान आपल्या बगलेत दाबली, ही परंपरा तर आपण शाळेपासून ऐकतो. त्या दिवशी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत होते आणि मंदिलाखाली लोखंडी शिरस्त्राण. डोक्यावरच्या वस्त्राचा हा उपयोग विसरून चालणार नाही. ते माणसाला उंच दाखवते, तसेच आत काय आहे ते लपवते.

उंची निर्माण करण्याचे शास्त्र त्या काळी चांगलेच अवगत होते. फक्त ते शरीराला चिकटलेले नव्हते. मनुचीच्या संग्रहासाठी मीर मुहम्मद याने काढलेले महाराजांचे अश्वारूढ चित्र आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. महाराज घोड्यावर, सेवक पायी. पाहणाऱ्याला उंचीचा प्रश्नच पडत नाही. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाला हजर राहिलेल्या हेन्री ऑक्झिंडेनने रायगडावर जे पाहिले ते उंच, भव्य सिंहासन होते. रायगडाच्या राजसदरेत आजही उभे राहून पाहा. सिंहासनाचा चौथरा आणि समोरचे दूरवर पसरलेले पटांगण यांचा संबंध लक्षात येतो. राजा उंच दिसावा यासाठी राजाला काही करावे लागत नव्हते. ते काम दगडाने केले होते.

जिरेटोप, मंदिल, तुरा, शिरपेच, कलगी या शब्दांत उंचीचे एक व्याकरण आहे. कापडाचे वेढे रुंदी देतात, माथा उंची देतो आणि त्यावर उभा राहणारा तुरा पाहणाऱ्याची नजर आणखी वर ओढून नेतो. ‘शिरपेचात मानाचा तुरा’ असे आपण म्हणतो तेव्हा मान आणि उंची यांना एकाच वस्तूत बांधतो. अठराव्या शतकातील दरबारी चित्रे पाहिली तर जाम्याची कंबरही छातीकडे सरकलेली दिसते, त्यामुळे कमरेखालचा घेर लांबलचक वाटतो. शिंप्याची ही युक्ती आजच्या फॅशनच्या पुस्तकातही सापडेल, उंच कमरेची पँट या नावाने.

पागोटे आणि पगडी यांतला फरक इथे सांगायला हवा. पागोटे दर वेळी डोक्यावर बांधायचे असते. पगडी मात्र एकदा बांधून, शिवून पक्की केलेली असते आणि टोपीसारखी घालता येते. म्हणजे पगडीची उंची कायमची ठरलेली. उत्तर पेशवाईत आणि पुढे इंग्रजी अमदानीत पगड्यांचे प्रकार इतके पक्के झाले की डोक्याकडे पाहून माणसाचे गाव, जात, संस्थान आणि पेशा सांगता येई : ब्राह्मणी चक्री पगडी, प्रभू पगडी, शिंदेशाही, होळकरशाही, गायकवाडी. २००९ मध्ये पुणेरी पगडीला भौगोलिक निर्देशांक मिळाला तेव्हा ती वापरणारे जवळजवळ संपले होते; उरले होते ते सत्कार समारंभ आणि लग्नाचे हॉल.

मात्र या वैभवाची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय पुढे गेलो तर तो इतिहास होणार नाही. डोक्यावरची ही उंची सर्वांना मोकळी नव्हती. कोणी कोणते शिरोभूषण घालावे, कोणी घोड्यावर बसावे, कोणी वाड्यावरून जाताना जोडे हातात घ्यावेत, हे जात ठरवत असे. नवरदेव दलित आहे म्हणून त्याला घोड्यावरून उतरवल्याच्या बातम्या देशाच्या काही भागांतून आजही येतात. पाच फूट दोन इंच उंचीचा सरदार शिंदेशाही पगडी घालून पुरा होई, आणि सहा फुटी महार गडी पाठ वाकवून उभा राही. शरीराची उंची आणि समाजाने दिलेली उंची या दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि दुसरीपुढे पहिलीचे काही चालत नव्हते.

एक अवांतर : मुंबईच्या घरभाड्याच्या व्यवहारात ‘पगडी’ हा शब्द आजही जिवंत आहे. घाटकोपर-मुलुंडच्या जुन्या इमारतींत पगडीच्या खोल्या अजून आहेत. डोक्यावरची वस्तू गेली, मानाची रक्कम म्हणून नाव राहिले. पगडी बदलून भाऊ होणे, पगडी पायावर ठेवून शरण जाणे या प्रथा आठवल्या की हा अर्थ कुठून आला असेल याचा अंदाज येतो.

घाटकोपरचे नाव आले आहे तर आणखी एक. राजा रविवर्मा यांचा शिळामुद्रण छापखाना १८९४ मध्ये घाटकोपरला सुरू झाला आणि १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या छापखान्याच्या चित्रांनी देव आणि राजे घरोघरच्या भिंतींवर पोहोचवले. रविवर्म्यांच्या चित्रातले शिवाजी महाराजही अश्वारूढच आहेत. पुढे १९२८ मध्ये पुण्यात उभा राहिलेला विनायक करमरकर यांचा भव्य पुतळा अश्वारूढ, त्याखाली उंच चौथरा. गावोगावच्या चौकांत हीच प्रतिमा ओळखीची झाली. सतराव्या शतकातला मीर मुहम्मद, एकोणिसाव्यातला रविवर्मा आणि विसाव्यातला करमरकर यांनी एकच उत्तर काढले : घोडा.

मग हे सारे डोक्यावरून पायांखाली कधी आले?

कंपनी सरकारच्या कचेऱ्यांत खुर्च्या आल्या, तेव्हा पहिली फट पडली. जमिनीवरची बैठक गेली आणि उभ्या माणसाचे पाय पुन्हा दिसू लागले. एकोणिसाव्या शतकात ‘जोड्याचा प्रश्न’ हा खरोखरीचा सरकारी प्रश्न होता. कचेरीत आणि कोर्टात एतद्देशीयांनी आपल्या रिवाजाप्रमाणे जोडे काढावेत की साहेबाच्या रिवाजाप्रमाणे बूट घालून यावे, यावर वाद झाले. विलायती पद्धतीचे बूट असतील तर ते घालून आत यायला हळूहळू परवानगी मिळत गेली. त्या काळातले मुंबईचे वकील, कारकून, प्राध्यापक यांचे फोटो पाहा. वर पगडी, मध्ये लांब कोट आणि धोतर, खाली काळे बूट. दोन संस्कृतींची उंची एकाच माणसावर, दोन्ही टोकांनी.

मग वरचे टोक झिजू लागले. पगडीची काळी टोपी झाली, १९२० नंतर पांढरी गांधी टोपी आली. (कडक खळ घातलेली गांधी टोपी दोन-तीन इंच उभी राहते, हे आमच्या विषयाच्या दृष्टीने नोंदवण्यासारखे आहे.) स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत शहरातला तरुण बोडक्या डोक्याने फिरू लागला आणि कोणाला सुतक आठवले नाही. आता वाढीव उंचीला जागा एकच उरली.

पण याच काळात टोपी आणि बूट या दोघांनाही निरुपयोगी करणारी वस्तू आली होती : मापाची पट्टी. सैन्यभरतीच्या वेळी माणूस अनवाणी आणि उघड्या डोक्याने भिंतीला टेकवून उभा केला जाई आणि त्याची उंची फूट-इंचांत वहीत उतरे. तो वाक्य न राहता आकडा होई. एस्कॅलियटने उंचीमागे नजर लिहिली होती. भरतीच्या वहीत नजरेला रकाना नव्हता.

१८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापती होते. ‘लढाऊ जमाती’चा सिद्धान्त त्यांच्या काळात धोरण झाला. वायव्येकडचा उंच, रुंद हाडाचा पुरुष म्हणजे शिपाई, आणि दख्खन-कोकणचा लहान चणीचा पुरुष म्हणजे ज्याचे लढण्याचे दिवस संपले असा माणूस, अशी ढोबळ विभागणी झाली. १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज केला, तो याच काळातला. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी तर डोके, नाक आणि उंची यांच्या मापांवरून जातींची वर्गवारी करण्याचा घाट घातला.

आता थोडे मागे जाऊन एक तारीख आठवा. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्याइतकी मजुरी पुरे, असा हिशोब रिचर्ड टेंपल यांनी मांडला. त्याविरुद्ध मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. त्या वर्षी जे मूल दोन-तीन वर्षांचे होते, ते १८९२ च्या सुमारास भरतीच्या वयात आले. उंची वंशावर अवलंबून असते, तशीच ती पहिल्या काही वर्षांत पोटात काय गेले यावरही असते. ज्या राजवटीत या मुलांची पहिली वर्षे एक पौंडाच्या हिशोबात गेली, त्याच राजवटीने पंधरा वर्षांनी त्यांना पट्टीखाली उभे करून त्यांची जमात लढाऊ नाही असा निष्कर्ष काढला. ही सांगड माझी आहे. पण ती घालण्यापासून मला स्वतःला रोखता येत नाही.

युद्ध आले की पट्टी मऊ होते, हेही पाहण्यासारखे आहे. १९१४ मध्ये खुद्द ब्रिटनमध्ये किमान पाच फूट तीन इंचांची अट होती. तिच्यामुळे परत पाठवलेल्या खाणकामगारांसारख्या धट्ट्याकट्ट्या माणसांसाठी बर्कनहेडला ‘बँटम’ पलटणी उभारल्या गेल्या, पाच फुटांपासून पाच फूट तीन इंचांपर्यंतच्या पुरुषांच्या. आणि ज्यांची चण लहान ठरवली होती, त्या मराठा पलटणी १९१५-१६ च्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर लढल्या. १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली.

इथून आपण उपनगरांत येतो, कारण पायांखालच्या उंचीचा कारखाना पश्चिम रेल्वेच्या रुळांलगत उभा राहिला. मालाडला बॉम्बे टॉकीज (१९३४), गोरेगावला फिल्मिस्तान (१९४३), अंधेरीला मोहन स्टुडिओ, फिल्मालय, नटराज, आणि पुढे आरे कॉलनीजवळची चित्रनगरी. ‘मुघल-ए-आझम’चा (१९६०) शीशमहाल अंधेरीच्या मोहन स्टुडिओत उभा राहिला. आपला बाप मध्यम उंचीचा, थोडासा उंचीकडे झुकणारा होता, असे जहांगीर आत्मचरित्रात सांगतो. अंधेरीचा अकबर मात्र पृथ्वीराज कपूर झाले आणि आज ‘अकबर’ म्हटले की डोळ्यांपुढे तीच भरभक्कम मूर्ती येते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा वेळी सुस्कारा टाकायचा आणि पुढे जायचे.

पडद्यावर पुरुष उंच करण्याच्या युक्त्या अशा. सर्वांत साधी म्हणजे लाकडी पेटी. हॉलिवूडने तिला ‘ॲपल बॉक्स’ हे नाव दिले आणि मापही ठरवून टाकले : वीस इंच लांब, बारा इंच रुंद, आठ इंच उंच, मग तिची अर्धी, पाव आणि अगदी एक इंचाची ‘पॅनकेक’. चौकट कमरेवर कापली की पायांखाली काय आहे ते कोणाला दिसत नाही. कॅमेरा नजरेच्या खाली ठेवून वर रोखला की माणसामागे जमीन न दिसता आकाश दिसते आणि तो मोठा वाटतो. दोघांपैकी ठेंगण्याला कॅमेऱ्याजवळ आणि उंचाला दोन पावले मागे उभे केले की फरक मिटतो. जिन्याच्या पायऱ्या तर फुकटच्या पेट्या. हवेलीतला तो वळणदार जिना नायकासाठी किती उपयोगाचा आहे, हे एकदा लक्षात आले की जुने चित्रपट वेगळेच दिसू लागतात.

पेटी पुरत नसेल तर दुसऱ्याला खाली न्यायचे. ‘बॉय ऑन अ डॉल्फिन’ (१९५७) या चित्रपटात ॲलन लॅडबरोबर किनाऱ्यावरून चालताना सोफिया लॉरेनला चरात उतरावे लागले, ही आठवण तिने पुढे सांगितली आहे. ‘कॅसाब्लांका’त (१९४२) इन्ग्रिड बर्गमनसमोर हम्फ्री बोगार्टच्या बुटांना जाड तळवे लावलेले होते. पडद्यावरचा रुबाबदार पुरुष प्रत्यक्षात चार इंच फळीवर उभा आहे हे कळल्यावर आपण हसतो. पण रायगडच्या चौथऱ्याला किंवा पुतळ्याच्या चौथऱ्याला हसत नाही. युक्ती तीच आहे.

या कारखान्याची एक गोष्ट मला खटकते. ज्याला नायक ठरवले त्याच्या पायांखाली पेटी आली आणि जो खरोखर ठेंगणा होता त्याच्या वाट्याला विनोद आला. कोकणी मुसलमान कुटुंबातला मुक्री पन्नास वर्षे पडद्यावर होता. त्याच्या उंचीवर लोक हसले, ‘अमर अकबर अँथनी’तला (१९७७) तय्यब अलीही त्यातलाच. याला सणसणीत अपवाद एकच सांगतो : भगवानदादा. गिरणगावात वाढलेले भगवान आबाजी पालव ठेंगणे होते, स्थूल होते आणि ‘अलबेला’चे (१९५१) नायक, दिग्दर्शक, निर्माते होते. गीता बालीसमोर उभे राहताना त्यांनी उंची चोरली नाही. पावलांचा तो संथ, मोकळा ठेका धरला आणि लोक थिएटरात नाचले. नंतरच्या कित्येक सहा फुटी नायकांनी तोच ठेका उचलला.

पडद्यावरची पेटी रस्त्यावर आली ती सत्तरीच्या दशकात, बेलबॉटम पँट आणि जाड तळव्यांच्या बुटांबरोबर. लांब पायघोळाखाली दोन-तीन इंच सहज लपत. पुढे तळवे बारीक झाले आणि उंची बुटाच्या आत, टाचेखालच्या पाचरीत गेली. उभ्या रेघांचा शर्ट घालावा हा सल्लाही तेव्हापासून प्रत्येक कापडाच्या दुकानात फुकट मिळतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ मध्येच दाखवले होते की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उलट अधिक उंच आणि अरुंद भासतो. पण दुकानदाराशी कोण वाद घालणार?

याच्या पुढची पायरी म्हणजे उंची ‘दिसण्याची’ नव्हे, ‘वाढवण्याची’ जाहिरात. भुकटी, गोळ्या, लटकण्याची यंत्रे. आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल की १९५४ च्या औषधे आणि चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात ज्या विकारांवरच्या औषधांची जाहिरात करता येत नाही त्यांची यादी आहे आणि तिच्यात ‘व्यक्तीची उंची’ हीसुद्धा एक बाब आहे. म्हणजे ठेंगण्या माणसाची फसवणूक कायद्याने दखल घ्यावी इतकी वाढली होती.

आता पट्टीकडे परत. महाराष्ट्र पोलिसांच्या शिपाई भरतीत, काही सवलती वगळता, पुरुषाची उंची किमान १६५ सेंटिमीटर लागते. भरतीच्या दिवसांत मरोळच्या पोलीस मैदानावर पहाटेपासून राज्यभरातली मुले रांगेत असतात. उंची सकाळीच मोजली जावी अशी प्रत्येकाची इच्छा असते आणि तिला शास्त्राचा आधार आहे : दिवसभर उभे राहून मणक्यांमधल्या चकत्या दाबल्या जातात आणि संध्याकाळपर्यंत माणूस साधारण सेंटिमीटरभर खाली येतो. १६४.५ वर असलेल्या मुलासाठी हा सेंटिमीटर म्हणजे घराचे पत्रे, बहिणीचे लग्न, आईचा दवाखाना. २०१६ मध्ये कोल्हापूरच्या भरतीत एका उमेदवाराने उंचीसाठी केसांचा टोप घातल्याची बातमी छापून आली होती. लोकांनी ती हसून पुढे पाठवली. मला ती वाचताना मंदिल आठवला. डोक्यावर उंची बांधण्याची आपल्याकडची सर्वांत जुनी रीत, आणि तिचा बहुधा सर्वांत केविलवाणा वारस.

१९९६ मध्ये जन्मलेल्या भारतीय पुरुषांची सरासरी उंची सुमारे १६५ सेंटिमीटर आहे, असे जगभरातील मापे एकत्र करणाऱ्या २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. म्हणजे भरतीची रेघ जवळजवळ सरासरीवरच ओढलेली आहे. कायद्याची कलमे पाठ असोत, सोळाशे मीटर धावण्यात पहिला क्रमांक असो, निम्म्याच्या आसपास मुले पहिल्या टेबलावरूनच परत फिरतील अशी ती रेघ आहे. पोलिसाच्या कामाला काही शारीरिक क्षमता लागते हे मान्य. पण धावणे आणि गोळाफेक यांनी ती मोजली जातेच. उंचीने जे मोजले जाते ते बहुतांशी पहिल्या पाच वर्षांतले दूध, डाळ, जुलाब आणि गोवर आहे. रॉबर्ट्ससाहेबांची पट्टी आपण वारशात घेतली आणि ती कशासाठी होती हे विचारायचे राहून गेले.

इतिहासकारांनी मात्र या पट्टीचा चांगला उपयोग करून घेतला आहे. रॉबर्ट फोगेल (१९९३ चे अर्थशास्त्राचे नोबेल) आणि त्यांच्या पिढीने सैनिक, कैदी, गुलाम आणि मजूर यांच्या नोंदवह्यांतील उंच्या गोळा करून लोकांच्या राहणीमानाचा इतिहास लिहिला. ज्यांनी पत्रे लिहिली नाहीत, ज्यांचे फोटो निघाले नाहीत, त्यांनी खाल्लेल्या आणि न खाल्लेल्या अन्नाची साक्ष त्यांच्या हाडांनी दिली.

मराठी माणसांच्या अशा नोंदी मॉरिशसमध्ये आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून रत्नागिरी आणि आसपासच्या भागांतले मजूर उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांचे वंशज आज तिथे मराठी म्हणूनच ओळखले जातात आणि गणेशोत्सव साजरा करतात. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या स्थलांतरितांची दफ्तरे जपून ठेवली आहेत. नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, अंगावरची खूण आणि उंची. पणजोबाचा शोध घेत तिथे जाणाऱ्याला त्याचा चेहरा बहुधा मिळत नाही. उंची इंचांत मिळते, पगडी आणि जोडे वगळून.

तुमच्या घरी आजोबा-पणजोबांची सैन्यातली सेवापुस्तिका किंवा जुना पासपोर्ट असेल तर त्यात उंचीचा रकाना शोधा. पगडीतला फोटोही असेल तर दोन्ही या धाग्याखाली टाका. शक्य असेल तर जन्मसाल आणि गावही लिहा.